फ्रेडरिक येलिनेक : आडवाटेने घडलेला स्पीचचा प्राध्यापक

ध्वनिवेध (धागाकर्ता)

स्पीच रेकग्निशनचा (संगणकाने माणसाचं बोलणं ओळखण्याचा) इतिहास कुठेही वाचा, फ्रेडरिक येलिनेक हे नाव आयबीएमच्या प्रकरणात येतं आणि तिथेच संपतं. आयबीएममधली त्यांची एकवीस वर्षं मोलाची होतीच. पण त्याआधी दहा वर्षं आणि त्यानंतर सतरा वर्षं हा माणूस विद्यापीठात शिकवत होता. मला त्या दोन टोकांबद्दल लिहायचंय, कारण मधल्या यशाची तयारी पहिल्या टोकाला झाली आणि ते यश चार भिंतींबाहेर पोचवण्याचं काम दुसऱ्या टोकाला.

जन्म १८ नोव्हेंबर १९३२चा, चेकोस्लोव्हाकियातल्या क्लाद्नो गावचा. वडील ज्यू, व्यवसायाने दंतवैद्य. ते तेरेझीनच्या नाझी छळछावणीत वारले. १९४९ मध्ये आईने कुटुंब अमेरिकेत आणलं. येलिनेकांनी न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात संध्याकाळचे वर्ग केले, मग एमआयटी गाठलं आणि १९६२ मध्ये रॉबर्ट फॅनो यांच्याकडे इन्फर्मेशन थिअरीत (संदेश मोजण्याच्या आणि पोचवण्याच्या गणितात) पीएचडी पूर्ण केली. हा विषय ज्यांनी जन्माला घातला ते क्लॉड शॅनन तेव्हा तिथेच प्राध्यापक होते.

त्याच काळात त्यांचं लग्न झालं. १९५७ मध्ये ते प्रागला गेले असताना मिलोश फोरमन या मित्राने (तेच पुढे जगप्रसिद्ध झालेले दिग्दर्शक) मिलेना ताबोलोवाशी ओळख करून दिली. ती पटकथा लिहायची आणि तिथल्या राजवटीच्या डोळ्यांत खुपायची. तिला देशाबाहेर पडायची परवानगी मिळायला १९६१ साल उजाडलं. एमआयटीत आल्यावर ती भाषाशास्त्राकडे वळली, नामवंत भाषाशास्त्रज्ञ नोम चोम्स्कींच्या व्याख्यानांना बसू लागली आणि येलिनेकही तिच्यासोबत जाऊ लागले. त्या व्याख्यानांनी ते इतके भारावले की इन्फर्मेशन थिअरी सोडून भाषाशास्त्रच करावं असं त्यांच्या मनाने घेतलं. फॅनोंनी समजावलं की आधी हातातली पीएचडी पुरी कर.

मग कॉर्नेल विद्यापीठाची नोकरी आली. तिकडे जायचं मोठं आकर्षण म्हणजे चार्ल्स हॉकेट हे नामांकित भाषाशास्त्रज्ञ. इन्फर्मेशन थिअरी भाषेला लावून पाहण्यात त्यांना रस होता. येलिनेक मोठ्या आशेने रुजू झाले, पण तोवर हॉकेटांचा त्यातला रस ओसरला होता आणि ते ऑपेरा रचण्यात गुंतले होते. सोबत काम करणारं कोणी उरलं नाही, म्हणून येलिनेकांनी भाषा बाजूला ठेवली आणि पुढची दहा वर्षं कोडिंग थिअरीला (गोंगाटातूनही संदेश अचूक पोचवण्याच्या शास्त्राला) वाहिली.

सहसा या दहा वर्षांना 'नंतर ते आयबीएमला गेले' एवढ्या एका वाक्याची जागा मिळते. मला वाटतं, सगळं काही इथेच घडलं. गोंगाटातून आलेला संदेश बिघडलेला असतो आणि मूळ संदेश काय असेल ते शोधायचं असतं. शक्यता अफाट असतात, सगळ्या तपासणं अशक्य. मग सगळ्यात आश्वासक वाटा आधी धुंडाळायच्या आणि बाकीच्या तात्पुरत्या बाजूला ठेवायच्या, असा स्टॅक अल्गोरिदम त्यांनी १९६९ मध्ये मांडला. तो होता संदेशवहनासाठी. पुढे आयबीएमच्या स्पीच यंत्रणेत शब्द शोधायला हाच स्टॅक डिकोडर वापरला गेला. म्हणजे जे अवजार भाषेपासून दूर असताना घडवलं, तेच भाषेच्या कामी आलं.

१९७२ मध्ये ते आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात गेले ते काही कायमचे म्हणून नव्हे. तिथल्या स्पीच गटाचे प्रमुख जोसेफ राविव इस्रायलमधल्या केंद्रावर गेले आणि गटाची जबाबदारी येलिनेकांकडे आली. वेळ फार कठीण होती. १९६९ मध्ये बेल लॅब्सच्या जॉन पिअर्स यांनी एका पत्रात या सगळ्या क्षेत्राचीच हजेरी घेतली होती. प्रयोग म्हणून जे चाललंय त्यातून ज्ञानात काही भर पडते का, हा त्यांचा सवाल होता. बाकीचे गट ध्वनिशास्त्राचे आणि व्याकरणाचे नियम हाताने लिहून ते यंत्राला शिकवू पाहत होते.

येलिनेकांनी प्रश्नच वेगळा मांडला. बोलणाऱ्याच्या मनातली शब्दांची माळ हा संदेश. त्याचा घसा, हवा, मायक्रोफोन हे सगळं मिळून गोंगाटी वाहिनी. हाती आलेला आवाज पाहून सर्वांत संभाव्य संदेश कोणता, एवढंच शोधायचं. मग दोनच संभाव्यता लागतात : ही शब्दमाळ मुळात कोणी बोलेल का, आणि बोललीच तर असा आवाज निघेल का. पहिलीला लँग्वेज मॉडेल म्हणतात, दुसरीला अकूस्टिक मॉडेल. दोन्ही हाताने लिहायची नाहीत, खऱ्या मजकुरातून आणि खऱ्या आवाजातून मोजून काढायची. लागोपाठच्या तीन-तीन शब्दांच्या मोजणीवर उभं असलेलं ट्रायग्राम मॉडेल इतकं साधं, की त्याला भाषेचं ज्ञान म्हणायची अनेकांची तयारी नव्हती. पण त्याला मागे टाकायला संशोधकांना काही दशकं लागली.

मोजायचं तर मजकूर हवा, आणि १९७०च्या दशकात संगणकात साठवलेला मजकूर होता कुठे? अमेरिकी सरकारने आयबीएमवर मक्तेदारीचा खटला भरला होता. त्यातल्या साक्षीजबान्या कंपनीने संगणकात भरून घेतल्या होत्या, कोट्यवधी शब्द. येलिनेकांच्या गटाने त्यांचा उपयोग करून घेतला. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत वीस हजार शब्द ओळखणारा 'टँगोरा' उभा राहिला. हे नाव टंकलेखनाचे विजेते अल्बर्ट टँगोरा यांच्यावरून दिलेलं. शब्द सुटे सुटे, थांबून थांबून उच्चारावे लागत, तरी त्या काळी ही मोठीच मजल होती. याच गटातल्या पीटर ब्राऊन, रॉबर्ट मर्सर आदी मंडळींनी हीच मांडणी भाषांतराला लावली. त्यासाठी कॅनडाच्या संसदेचं इंग्रजी-फ्रेंच कामकाज वापरलं.

१९९३ मध्ये, साठी उलटल्यावर, येलिनेक जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पुन्हा प्राध्यापक झाले आणि तिथल्या भाषा व स्पीच केंद्राचे संचालक. एवढं केल्यावर एखाद्याने मानाची खुर्ची घेऊन आठवणी लिहिल्या असत्या. त्यांनी १९९५ पासून दर उन्हाळ्यात सहा आठवड्यांची कार्यशाळा सुरू केली. वेगवेगळ्या विद्यापीठांतले प्राध्यापक, कंपन्यांतले संशोधक, पीएचडीचे आणि पदवीचे विद्यार्थी एकत्र बसून एकच प्रश्न फोडून काढायचे. १४ सप्टेंबर २०१० रोजी वयाच्या ७७व्या वर्षी ते गेले, तोवर ते कामावरच होते. आता ती कार्यशाळा त्यांच्याच नावाने भरते.

माझं म्हणणं एवढंच : त्यांची खरी ओळख एका कंपनीतला यशस्वी गटप्रमुख ही नाही. दुसऱ्या विषयातलं गणित अंगात मुरवून आलेला आणि शेवटी सगळ्या क्षेत्राला एकत्र काम करायला शिकवणारा शिक्षक, ही आहे. तुम्हाला काय वाटतं?

---

गणिती_मन

उत्तम लेख. त्यांच्या कोडिंग थिअरीच्या कामात भर घालतो. १९७४ मध्ये बाल, कॉक, येलिनेक आणि राविव या चौघांचा एक छोटा निबंध आला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या पद्धतीला बीसीजेआर म्हणतात. संदेशातला प्रत्येक बिट शून्य असण्याची संभाव्यता किती आणि एक असण्याची किती, हे पुढून एकदा आणि मागून एकदा चालत जाऊन काढायचं. व्यवहारात ती फार खर्चिक, म्हणून बरीच वर्षं जवळजवळ पडून होती. १९९३ मध्ये टर्बो कोड (संदेशातल्या चुका दुरुस्त करणारे संकेत) आले आणि त्यांचं इंजिन म्हणून हीच पद्धत वापरात आली. तिसऱ्या पिढीच्या मोबाइल जाळ्यात टर्बो कोड होते.

आता गंमत बघा. स्पीचमध्ये आवाजामागचे न दिसणारे टप्पे संभाव्यतेने ओळखणारं हिडन मार्कोव्ह मॉडेल असतं. ते शिकवायला गणितज्ञ बाउम यांची जी पद्धत वापरतात, तीही अशीच पुढून-मागून चालते. गणित तेच, एकीकडे बिट आणि दुसरीकडे उच्चार. धागाकर्ते म्हणतात ती 'आडवाट' ही अशी थेट जोडलेली आहे.

---

भाषाभान

लेख आवडला, पण एका गोष्टीला बगल दिलीत असं वाटलं. भाषाशास्त्र शिकणाऱ्या आम्हा लोकांना येलिनेक पहिल्यांदा भेटतात ते एका वाक्यातून : गटातून एक भाषाशास्त्रज्ञ कमी झाला की यंत्राची कामगिरी सुधारते, अशा अर्थाचं. त्याचे शब्द प्रत्येक ठिकाणी वेगळे सापडतात, पण आशय तोच. या वाक्याने आमच्या विषयाचं बरंच नुकसान केलं. 'व्याकरण कशाला शिकायचं, आकडे टाका' अशी वृत्ती त्यातून पसरली.

आणि ज्या आकड्यांचा एवढा गौरव होतो ते येतात कुठून? वाक्यरचनेच्या खुणा केलेले पेन ट्रीबँक किंवा प्राग ट्रीबँक भाषेच्या जाणकारांनीच बसून तयार केले. उच्चारकोशही तसेच. ते श्रम नसते तर मोजायला काय होतं?

---

ध्वनिवेध (धागाकर्ता)

@भाषाभान, बगल द्यायची नव्हती, लेख लांबत होता म्हणून थांबलो. त्या वाक्याला त्यांनी स्वतः जाहीर उत्तर दिलंय. २००४ मध्ये पुरस्कार स्वीकारताना केलेल्या भाषणाचं शीर्षकच होतं 'माझे काही जिवलग मित्र भाषाशास्त्रज्ञ आहेत'. ज्या माणसाने तरुणपणी भाषाशास्त्रासाठी आपला विषय सोडायची तयारी केली होती, त्याला भाषेच्या अभ्यासाचा तिटकारा होता हे मला पटत नाही.

त्यांचा आक्षेप होता तो आणखी नेमका. एखाद्याची अंतर्दृष्टी कितीही सुंदर असो, ती यंत्रात घातल्यावर न पाहिलेल्या आवाजावर चुका कमी होतात का? होत नसतील तर ती यंत्रात नको. हे कठोर आहे. पण १९६९ मधल्या पिअर्सच्या पत्रानंतर या क्षेत्राला विश्वास परत मिळवायचा होता, आणि तो दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळाला असता असं मला दिसत नाही. ट्रीबँकबद्दल मात्र तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. हॉपकिन्सच्या काळात ते स्वतः वाक्यरचनेवर आधारलेली लँग्वेज मॉडेल्स करत होते, तिथे हे श्रम थेट वापरले गेले.

---

नवी_पालवी

मी या विषयात नवीन आहे. वाचताना 'परप्लेक्सिटी' हा शब्द सारखा येतो आणि तो येलिनेकांच्या गटाचा म्हणतात. कोणी सोप्या भाषेत सांगेल का?

---

गणिती_मन

@नवी_पालवी, पुढचा शब्द कोणता येणार याबद्दल मॉडेल किती गोंधळात आहे, त्याचं ते माप. शून्य ते नऊ यांपैकी कोणताही अंक सारख्याच शक्यतेने येणार असेल तर परप्लेक्सिटी दहा. शब्द हजार असले, पण प्रत्येक वळणावर मॉडेलला सरासरी वीसच पर्याय खरे वाटत असतील, तर परप्लेक्सिटी वीस. येलिनेक, मर्सर, बाल आणि बेकर यांनी १९७७ मध्ये हे माप मांडलं.

त्याची गरज का पडली ते महत्त्वाचं. तेव्हा प्रत्येक गट 'आमचं यंत्र इतके शब्द ओळखतं' असं सांगायचा. कार्नेगी मेलन विद्यापीठाचं 'हार्पी' १९७६ मध्ये १,०११ शब्द ओळखत होतं. मोठंच काम, पण त्यातली वाक्यं ठरावीक साच्यांतली होती. साचा आवळला की हजार शब्दही सोपे होतात, आणि साचा नसला की शंभरही अवघड जातात. शब्दांच्या संख्येवरून दोन यंत्रांची तुलना करणं म्हणूनच फसवं होतं. आज मोठमोठी लँग्वेज मॉडेल्स शिकताना बघतात ते माप हेच, फक्त त्याचा लॉगरिदम घेतलेला.

---

उंबरठा

श्रेय वाटताना थोडी सावधगिरी हवी असं सुचवतो. हिडन मार्कोव्ह मॉडेल स्पीचला लावण्याचं काम जेम्स बेकर यांनी कार्नेगी मेलनला राज रेड्डी यांच्याकडे पीएचडी करताना केलं होतं, 'ड्रॅगन' नावाच्या यंत्रणेत, १९७५च्या सुमारास. आयबीएमच्या गटाचं काम त्याच वर्षांतलं. बेकर दांपत्य नंतर आयबीएमच्या गटातही होतं आणि १९८२ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. दोन ठिकाणी एकच कल्पना एकाच वेळी पिकली, असं म्हणणं जास्त योग्य.

शिवाय राज रेड्डींची शिक्षक म्हणून कारकीर्दही या धाग्याच्या विषयात बसते. संगणकशास्त्रातला १९९४चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना फायगेनबॉम यांच्यासह मिळाला आणि पुढे नाव काढलेले किती विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेले! त्यांच्या प्रयोगशाळेत नियमवाल्यांनाही जागा होती आणि आकडेवाल्यांनाही. मला ते औदार्य फार मोठं वाटतं.

---

ध्वनिवेध (धागाकर्ता)

@उंबरठा, सहमत. रेड्डींवर वेगळा धागा व्हायलाच हवा, तुम्हीच काढा. बेकरांच्या कामाचं महत्त्व येलिनेकांमुळे तसूभरही कमी होत नाही.

---

शब्दकळा

मला वेगळाच मुद्दा मांडायचाय. वीस हजार शब्दांची यादी आणि तीन-तीन शब्दांची मोजणी ही कल्पना इंग्रजीवर चालली, कारण इंग्रजी शब्दाची रूपं मोजकी. येलिनेकांची मातृभाषा चेक. तिथे नाम सात विभक्तींत फिरतं आणि वाक्यातला शब्दक्रमही सैल. आपल्या मराठीचं घ्या : घर, घराला, घरातून, घरासमोर, घरासमोरच्या, घरासमोरच्यांनासुद्धा. यादीत प्रत्येक रूप वेगळा शब्द धरलं तर वीस हजार कुठल्या कुठे संपतील, आणि बहुतेक रूपं मजकुरात इतक्या क्वचित येतील की मोजणीला अर्थच उरणार नाही.

म्हणूनच मला हॉपकिन्सची १९९८ची कार्यशाळा फार महत्त्वाची वाटते. तिथे प्रागचे यान हायिच आणि अमेरिकेतले मायकेल कॉलिन्स वगैरे मंडळींनी प्राग ट्रीबँक घेऊन चेकसाठी सांख्यिकी पार्सर (वाक्याची रचना उलगडणारी प्रणाली) उभा केला. इंग्रजीसाठी घडलेली पद्धत रूपसमृद्ध भाषेला लावताना काय मोडतं आणि काय टिकतं, हे पारखण्याचा तो प्रयत्न होता. मराठीत स्पीचवर काम करणाऱ्यांनी तो निबंध जरूर वाचावा. आज शब्दाचे तुकडे पाडून मॉडेल शिकवतात, त्यामुळे अडचण पुष्कळ हलकी झाली. पण कुठे तुकडा पाडावा हे यंत्र अजूनही मजकुराच्या मोजणीवरूनच ठरवतं, आणि मराठीचा मजकूर कमी असला की 'घरा' आणि 'समोर' यांच्या मधोमध तोडण्याऐवजी ते भलतीकडेच तोडतं.

---

भाषाभान

@शब्दकळा, अगदी हेच! सामान्यरूप आणि शब्दयोगी अव्यय यांचं ज्ञान आधीच दिलं, तर कमी मजकुरात भागतं का, हे तपासायला हवं. आणि हो, ते येलिनेकांच्याच कसोटीवर तपासायला माझी काहीच हरकत नाही. चुका कमी झाल्या तर आम्ही बरोबर.

---

पहाटवारा

मी स्पीचमध्येच पीएचडी करतोय. धाग्यातला कार्यशाळेचा भाग मला सर्वांत भिडला. आमच्याकडे प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात आपापला कोड लिहितो. दुसऱ्याचा निकाल पुन्हा काढून पाहायचा तर महिने जातात. या कार्यशाळांमधून नेमकं काय बाहेर पडलं? आणि सहा आठवड्यांत खरंच काही होतं का? माझे सर म्हणतात, एवढ्या वेळात फक्त ओळखी होतात.

---

ध्वनिवेध (धागाकर्ता)

@पहाटवारा, दोन उदाहरणं देतो, दोन्ही तुमच्या परिचयाची असतील. १९९९च्या कार्यशाळेतल्या गटाने आयबीएमची भाषांतराची मॉडेल्स निबंधांवरून पुन्हा लिहून काढली आणि कोड सर्वांना खुला केला. मूळ प्रणाली कंपनीबाहेर कधीच आली नव्हती, त्यामुळे तोवर ते निबंध वाचणारे पुष्कळ होते आणि वापरून पाहणारे मोजके. त्यातून आलेलं 'गिझा' आणि त्याची पुढची आवृत्ती पुढची दहा-पंधरा वर्षं जगभर भाषांतराच्या प्रयोगशाळांमध्ये चाललं. येलिनेकांच्याच जुन्या गटाचं काम त्यांच्याच कार्यशाळेतून सर्वांच्या हाती आलं, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही पुरस्कारापेक्षा मोठी वाटते.

दुसरं, २००९च्या कार्यशाळेत डॅनियल पोव्ही आणि इतरांनी सुरू केलेल्या कामातून 'काल्डी' हे स्पीचचं साधन उभं राहिलं. तुम्ही ते वापरलंच असेल.

सहा आठवडे पुरतात, कारण तयारी आधीच्या शरद ऋतूपासून चालते. प्रस्ताव मागवतात, जाणकारांची बैठक बसते, तिथे वादावादी होऊन मोजकेच विषय निवडले जातात. विदा गोळा करणं, साफ करणं, पायाभूत प्रणाली चालू करणं, हे उन्हाळ्याआधीच उरकायचं असतं. मग सहा आठवडे फक्त विचार आणि प्रयोग. सुरुवातीला विद्यार्थ्यांसाठी व्याख्यानांचे वर्ग, शेवटी सर्वांसमोर निकाल मांडायचे. पदवीच्या विद्यार्थ्यालाही गटात खरं काम मिळतं. तुमच्या सरांना सांगा, ओळखी होतातच, पण त्या एकत्र कोड लिहिताना होतात.

---

पहाटवारा

धन्यवाद ध्वनिवेध. काल्डीवरच माझी पहिली प्रणाली उभी राहिली, त्याचा उगम असा आहे हे माहीत नव्हतं. आमच्या तीन-चार प्रयोगशाळांनी मिळून मराठी आणि शेजारच्या भाषांसाठी असं काही करता येईल का, ते सरांशी बोलतो. एक शेवटचा प्रश्न : येलिनेकांचं स्वतःचं लेखन वाचायचं तर सुरुवात कुठून करू?

---

गणिती_मन

२००९ मध्ये जीवनगौरव पुरस्कार घेताना त्यांनी केलेलं भाषण छापलेलं आहे, सांख्यिकी स्पीच आणि भाषांतराच्या उगमाविषयी. गणित जवळजवळ नाही, ते आधी वाचा. हॉकेटांची हकिगत तिथे त्यांच्याच शब्दांत मिळेल. मग १९७६चा सलग बोलण्याच्या ओळखीवरचा निबंध, त्यात गोंगाटी वाहिनीची सगळी मांडणी आहे. स्पीचच्या सांख्यिकी पद्धतींवरचं त्यांचं पुस्तक त्यानंतर घ्या आणि सोबत वही ठेवा. गणिताच्या पायऱ्या स्वतः सोडवत गेलात तरच ते उलगडतं. शक्य असेल तर @भाषाभान यांच्यासारख्या कोणाला सोबत घेऊन वाचा, लँग्वेज मॉडेलच्या प्रकरणांवर चांगले वाद होतील.

---

भाषाभान

मी तयार आहे. @पहाटवारा, व्यक्तिगत निरोप पाठवा.